गुलमर्गसाठी स्कीचे बूट: विकत घ्यावेत की भाड्याचे?

जुळे_सोलापूर · १७ नोव्हेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. गेल्या फेब्रुवारीत मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्कीवर उभी राहिले. सात दिवस गुलमर्गला शिकत होते. बूट भाड्याचे होते. दुकानातला मुलगा म्हणाला, थोडे मोठे घ्या, जाड मोजे घालता येतील. मला ते पटलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि उजव्या पायाचं नख मे महिन्यात गळून पडलं.

तरी पुन्हा जायचंच आहे. सहाव्या दिवशी गोल्फच्या मैदानाकडच्या छोट्या उतारावर मी सलग पाच वळणं न पडता घेतली. खाली येऊन थांबले तेव्हा कानात फक्त माझा श्वास होता. ज्या गावात एप्रिल-मे महिन्यात पंखासुद्धा गरम हवा फेकतो, तिथं जन्म गेलेल्या बाईला हे काय वाटलं असेल ते तुम्ही समजून घ्या.

यंदा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नवरा आणि तेरा वर्षांची मुलगी पण येणार आहेत. दोघं अगदी नवे. नवऱ्याचं वजन ८८ किलो. तिघांचं मिळून सामानाला पन्नास हजारांच्या वर जाता येणार नाही. त्यात काय विकत घ्यावं, काय भाड्यानं? बूट माझ्यासाठी घेऊन टाकावेत का?

होटगीरोडकर · १८ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ताई, नखं काळी पडली ती बूट मोठे होते म्हणून. बहुतेकांना उलटं वाटतं. सैल बुटात पाय पुढंमागं सरकतो आणि प्रत्येक वळणाला अंगठा पुढच्या भिंतीवर आपटतो. जाड मोज्यानं ते थांबत नाही, उलट पाय आवळला जातो आणि बोटं गार पडतात. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे कधीही नाही.

स्कीच्या बुटाचा नंबर आपल्या चपलेच्या नंबरासारखा नसतो. त्याला मोंडो म्हणतात, म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून झाल्यावर मोजा. भिंतीला टाच टेकवायची, खाली कागद, अंगावरचं सगळं वजन त्या पायावर, आणि सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिलची खूण. दोन्ही पाय मोजा, मोठा निघेल तो धरा.

मग दुकानात बुटाच्या आतला मऊ अस्तर-बूट बाहेर काढायचा आणि नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घालायचा. बोटं पुढं अलगद टेकवा आणि टाचेमागं बोटं घालून बघा. एक ते दोन बोटं उभी मावली तर ठीक. तीन मावली तर तो बूट परत द्या, भले घातल्यावर कितीही गुबगुबीत वाटो. आतला अस्तर-बूट आठवडाभरात दबतो, कवच दबत नाही. आणि २४ व २४.५ साधारण एकाच कवचात येतात, त्यामुळं अर्ध्या नंबरावरून वाद घालू नका.

नीट बसलेल्या बुटात सरळ उभं राहिलं की बोटं पुढं किंचित टेकतात आणि गुडघे वाकवून नडगी पुढं दाबली की ती मागं येतात. सरळ उभं राहून ‘लहान आहे’ म्हणणारे सगळे मोठे बूट घेऊन जातात.

माझं मत सांगतो: पन्नास हजारांत तुमचे एकटीचे बूट घ्या, तिघांना हेल्मेट, गॉगल आणि हातमोजे घ्या. स्की, काठ्या, नवऱ्याचे आणि मुलीचे बूट भाड्यानं. मुलीचा पाय अजून वाढतोय, तिला विकत घेणं म्हणजे पैसे घालवणं.

शेंगाचटणी · १८ नोव्हेंबर, सकाळी ११:३५

अक्का, एवढा खर्च कशाला करालाव ओ? मी दोन वर्षामागं औलीला गेल्तो. सगळं भाड्यानं. आत सुती थर्मल दोन, त्यावर कॉलेजचा स्वेटर, वर पावसाळी जाकीट. रात्री आपली सोलापुरी चादर. काय झालं नाही बघा. बर्फाचा एवढा बाऊ करायची गरज नाही, ऊन पडलं की लई गरम होतंय तिथं.

धोटा · १८ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

शेंगाचटणी, तुम्ही माझ्या नातवाच्या वयाचे असाल म्हणून मोकळेपणानं लिहितो. माझं सगळं आयुष्य अक्कलकोट रोडला मागाच्या आवाजात गेलं. सुताला नावं ठेवायला मला बरं वाटत नाही, पण ते दोन सुती थर्मल पुढच्या वेळी घरी ठेवा.

आमच्या धंद्यात धाग्याचा ओलावा मोजतात. ठरावीक हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरतो, लोकर सोळाच्या आसपास आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. हे वाचून लोक म्हणतात, मग लोकर कापसापेक्षा वाईट. तसं नाही. लोकर पाण्याची वाफ धाग्याच्या पोटात घेते आणि तिचा कुरळेपणा टिकतो, त्यामुळं मधली हवा टिकते. ऊब असते ती त्या हवेचीच. कापूस भिजला की बसतो, अंगाला चिकटतो, मधली हवा जाते. पॉलिएस्टर पाणी धरत नाही, घाम पृष्ठभागावरून बाहेरच्या कापडाकडं सरकवतं.

टॉवेल पाणी ओढतो म्हणूनच आपलं गाव टॉवेल विकतं. तोच गुण बर्फात घामेजलेल्या पाठीला नको. उतारावर येताना घाम, मग वर नेणाऱ्या खुर्चीच्या लिफ्टमध्ये वारा खात बसायचं. ऊन आहे तोवर काही कळत नाही. ढग आले की त्याच दहा मिनिटांत माणूस कुडकुडतो.

तेव्हा अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, मध्ये फ्लीस, वर वाराबंद आणि पाणीबंद जाकीट. चादर मात्र जरूर न्या. गुलमर्गच्या हॉटेलांत पुष्कळ ठिकाणी बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी असते, लाकडं संपली की पहाटे खोली गारठते. आपली चादर भौगोलिक मानांकन मिळवलेली आहे. तिची जागा पलंगावर, उतारावर नव्हे.

जाकिटाबद्दल अजून एक. दुकानात ते उलटं करा. आतल्या शिवणीवर चकचकीत पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. तिच्या कडेवरून नख फिरवा. कड सुटत असेल तर ठेवून द्या. कापड कितीही पाणीबंद असू दे, सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक पाणी आत घेतं. लेबलावर १०,००० मिमी असं लिहितात, त्याचा अर्थ कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी गळत नाही. ओल्या खुर्चीवर बसलं की बुडाखाली दाब येतो, पडल्यावर गुडघ्याखाली येतो. म्हणून जाकिटापेक्षा पँटचा आकडा आधी बघा. आपल्याकडं गणवेश शिवणारे इतके कारागीर आहेत, पण पट्टी चिकटवायचं गरम हवेचं यंत्र असल्याशिवाय हे काम होत नाही. नेहमीच्या टेलरकडून शिवून घेऊ नका.

शेंगाचटणी · १८ नोव्हेंबर, सायंकाळी ५:२०

आजोबा, चुकलं. खरं सांगायचं तर चौथ्या दिवशी मला थंडी वाजून ताप आल्ता. मी जेवणातनं झालं म्हणून सोडून दिल्तं.

कोथरूड_डेपो · १८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मी मूळचा सोलापूरचाच, बारा वर्षं पुण्यात. स्पष्ट लिहितो. गुलमर्गला एवढा खर्च करून जायचं आणि बर्फच नसलं तर? जानेवारी २०२४ मध्ये तिथं तपकिरी गवत होतं, सगळ्या देशानं फोटो पाहिले. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या, तेही बर्फाअभावीच. युरोपात कृत्रिम बर्फ पाडणारी यंत्रं असतात, भाड्याच्या दुकानात बाइंडिंग (बुटाला स्कीवर धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा खटका) यंत्रावर तपासून देतात. दोन वर्षं पैसे साठवा आणि तिकडं जा. स्वस्तात अर्धवट करण्यात अर्थ नाही.

होटगीरोडकर · १८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

बर्फाचं म्हणणं खरं आहे. हिमालयात थंडीतला बर्फ पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांवर अवलंबून असतो, ते आले नाहीत की डोंगर उघडा. म्हणून तर ताईंनी जानेवारी सोडून फेब्रुवारीचा तिसरा आठवडा धरलाय, तो शहाणपणाच आहे.

पण ‘अर्धवट’ हा शब्द मला लागला. गुलमर्गला १९२७ मध्ये स्की क्लब सुरू झाला. केंद्र सरकारची स्की शिकवणारी संस्था तिथं १९६८ पासून आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा दुसरा टप्पा माणसाला अफरवाट डोंगरावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, आणि तो त्याच उतारांवर शिकलेला. जगभरातले लोक तिथल्या भुसभुशीत बर्फासाठी येतात. पुण्यात गेलं की आपल्याकडचं सगळं कमी वाटायला लागतं का?

कोथरूड_डेपो · १८ नोव्हेंबर, रात्री ११:०२

पुण्याचा इथं काय संबंध? मी पैशाबद्दल बोलतोय. विषय तुम्ही वाकडा नेताय.

दत्तचौक · १९ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

जानेवारीचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या ऑफिसातले चौघं गेल्या वर्षी ऐन संक्रांतीत स्कीला गेले. गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा सोडून. सिद्धरामेश्वरांच्या गावातल्या माणसानं त्या चार दिवसांत गाव सोडू नये. माझं मत जुनाट वाटेल, पण मनापासूनचं आहे. नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या खांद्यांकडं बघितलं की मला दुसरा कुठलाच खेळ आठवत नाही.

जुळे_सोलापूर · १९ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

दत्तचौक, मी फेब्रुवारीत जातेय त्याचं निम्मं कारण बर्फ आणि निम्मं कारण यात्राच आहे. माझे सासरे मानाच्या नंदीध्वजामागं चालायचे.

पार्क_चौक · १९ नोव्हेंबर, दुपारी १:२५

मी हे सगळं दोन दिवस वाचतोय आणि आता राहवत नाही. आमच्या भागात चार-पाच दिवसांआड नळ येतो. कधी रात्री दोनला. माझी आई सत्तर वर्षांची आहे, ती उठून पिंप भरते. उजनी भरलेलं असतं तेव्हासुद्धा हेच. आणि इथं पन्नास हजारांचे बूट, लोकर, पाण्याचा स्तंभ. त्या पन्नास हजारांत एका चाळीला साठवणीची टाकी बसेल. सोलापूरच्या माणसानं बर्फावर घसरायला जाणं मला चीड आणतं. कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.

कोथरूड_डेपो · १९ नोव्हेंबर, दुपारी १:५०

मग क्रिकेटची बॅट घेणाऱ्यालाही हेच विचारा. दुसऱ्याच्या घामाच्या पैशाचा हिशेब मागायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

पार्क_चौक · १९ नोव्हेंबर, दुपारी २:०४

पुण्यातून नळाबद्दल बोलू नका.

जुळे_सोलापूर · १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

दादा, तुमच्या आईंचं वाचून मला माझी आई आठवली. ती पण घागरींच्या आवाजानं उठायची. मी बँकेत सोळा वर्षं काम करते. हे पन्नास हजार मी तीन वर्षं बाजूला टाकत आले, त्यात कुणाचं पाणी नाही. पण तुमची चीड खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या कॉलनीत टाकीसाठी वर्गणी चालू आहे, मी दिलीय, अजून देईन. फक्त एक सांगते, मुलीला मी बर्फ दाखवायला नेतेय कारण मला कुणी नेलं नव्हतं. हे मी मागं घेणार नाही.

व्यवस्थापक · १९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

पाणीप्रश्नावरचे पुढचे अठरा प्रतिसाद ‘सोलापूर: पाणीपुरवठा’ या धाग्यावर हलवले आहेत. प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणूनच तिथं. वैयक्तिक शेरे असलेले तीन प्रतिसाद काढले. इथं सामान आणि स्की एवढंच राहू द्या.

मायमराठी · २० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

अवांतर आहे, पण सामानाबद्दलच आहे. बूट, उतार, वळण हे शब्द आपल्याकडं आहेत, मग बाइंडिंग कशाला? सरळ ‘पकड’ म्हणा. बुटाला स्कीवर पकडून ठेवते ती पकड. मराठीत लिहायचं तर पूर्ण लिहावं.

होटगीरोडकर · २० नोव्हेंबर, सकाळी १०:४५

भाषेबद्दल आस्था मलाही आहे. पण या एका ठिकाणी ‘पकड’ म्हणू नका, मी हात जोडतो. पकडून ठेवणं हे त्याचं सोपं काम. ज्यासाठी ते बनवलंय ते काम म्हणजे वेळेवर सोडणं. नव्या माणसाला ‘पकड’ सांगितलं की तो दुकानात जाऊन म्हणतो, घट्ट करा, सुटायला नको. मी हे ऐकलंय.

मायमराठी · २० नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मग ‘सोडखटका’ म्हणा. शब्द घडवायचाच नाही असं ठरवून बसलात तर भाषा वाढणार कशी?

भवानी_पेठ · २० नोव्हेंबर, रात्री ११:४०

मी इथं फक्त वाचते. आज लिहिते, कारण ‘सुटायला नको’ हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा तिसरा हिवाळा होता. होटगीरोडकर सांगतात तसे स्वतःचे बूट घेतले होते, चांगले, कवच तपासून. स्की भाड्यानं घ्यायच्या होत्या. दुकानात गर्दी होती. मुलानं माझा बूट स्कीवर ठेवला, बसेना, त्यानं टाच जोरात दाबून बसवला. माझ्या बुटाचा तळ नव्या पद्धतीचा होता, चालताना सोपं जावं म्हणून पुढं थोडा वर वळलेला, ग्रिपवॉकचा. स्कीवरचं बाइंडिंग जुनं, सपाट तळासाठीचं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्यानं विचारलं, येतं का? मी म्हटलं, चांगलं येतं. वजन विचारलं नाही, वय विचारलं नाही. बाइंडिंगच्या पुढच्या खिडकीत ते किती जोर आला की सुटेल याचा आकडा असतो, त्याकडं त्यानं पाहिलं नाही आणि मी पण नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचा जो आकडा होता तो तसाच राहिला. सकाळी एकदा स्की निसटली होती, त्याचा मला राग होता. मी म्हटलं, घट्ट करा, सुटायला नको. त्यानं पेचकस फिरवला.

मी वेगात नव्हते. जवळजवळ थांबले होते. मागं तोल गेला, डावी स्की बर्फात रुतून बाहेर वळली आणि मी आत. बाइंडिंग सुटलं नाही. गुडघ्यातून आवाज आला, सुकी काडी मोडल्यासारखा. दुखलं नंतर. आधी आवाज आला.

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, मग नऊ महिने व्यायाम. पहिले दोन महिने स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून गुडघा सरळ करायचा, एवढंच. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहून काही होणार नाही, दुसऱ्या दुकानातही तेच झालं असतं. तुम्ही ‘पकड’ म्हणा की ‘सोडखटका’ म्हणा, दुकानात उभं राहून आकडा बघा एवढं माझं मागणं आहे.

होटगीरोडकर · २१ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

ताई, रात्रभर हे मनात राहिलं. मी वरती ‘स्वतःचे बूट घ्या’ लिहून मोकळा झालो आणि तळाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ती चूक दुरुस्त करतो.

बुटांचे तळ तीन जातीचे बघायला मिळतात: जुने सपाट अल्पाइन तळ, ग्रिपवॉक, आणि डोंगर चढायचे टूरिंग तळ. तिघांची मापं वेगळी, प्रत्येकाचं आंतरराष्ट्रीय मानक वेगळं. ग्रिपवॉकचा बूट फक्त त्यासाठी चालणाऱ्या बाइंडिंगमध्येच घालायचा, तशी खूण बाइंडिंगवर असते. चुकीच्या जोडीत बूट बसलेला दिसतो, चालतो, पण पंजाशी घर्षण वाढतं आणि बाजूला सुटायला हवा तेव्हा अडकतो. बऱ्याच बुटांचे तळ स्क्रूनं बदलता येतात. घेताना तसाच बघा, भाड्याच्या जुन्या स्कीशी जुळवून घेता येतो.

आता आकडा. त्याला सगळे डीआयएन म्हणतात. तो अंदाजानं लावायचा नसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता, या पाच गोष्टींवरून तक्ता बघून काढतात. तळाची लांबी मिलिमीटरमध्ये टाचेजवळ कवचावरच कोरलेली असते. पन्नाशी ओलांडली की आकडा एक पायरी खाली येतो. ‘कसे करता’ यात तीन प्रकार: सावकाश, मध्यम, आक्रमक. सहा-सात दिवस शिकलेला माणूस पहिल्या प्रकारातच येतो. तिथं ‘चांगलं येतं’ म्हणालात की आकडा वर जातो आणि सुटणं अवघड होतं. नवऱ्याला हे नक्की सांगा. ८८ किलोला तक्त्यात आकडा तसाही मोठा येणार, त्यात नवखेपणा लपवला की अजून वाढेल.

सकाळी स्की निसटली त्याचं कारण बहुतेक तळाला चिकटलेला बर्फ. चालून आल्यावर तळाखाली बर्फाचा गोळा घट्ट बसतो. काठीच्या टोकानं तो खरवडून, तळ कोरडा दिसल्यावरच टाच दाबायची. पेचकसाला हात लावायची गरज नव्हती.

आणि भवानी पेठ ताईंनी लिहिलेला प्रसंग, मागं तोल जाऊन सावकाश पडणं, त्यात अगदी नीट लावलेलं बाइंडिंगसुद्धा गुडघा वाचवेलच असं नाही. ते मुख्यतः नडगीचं हाड मोडू नये म्हणून घडत आलंय. पंजा बाजूला सुटतो, टाच वर सुटते. मागं बसल्या अवस्थेतला पीळ त्याला कळत नाही. म्हणून पडताना उठायची धडपड करू नका. तोल गेला की गेला, बाजूला पडून घ्या, हात पुढं, आणि थांबेपर्यंत पाय सरळ करू नका.

मायमराठी · २१ नोव्हेंबर, सकाळी ९:००

भवानी पेठ ताई, तुमचा प्रतिसाद वाचला. शब्दाचा हट्ट सोडतो. बाइंडिंगच लिहू या, दुकानात तोच शब्द चालतो आणि दुकानात बोलता येणं जास्त गरजेचं आहे.

शेंगाचटणी · २१ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मी यंदा गुलमर्गला दुसऱ्या टप्प्यावर जायचं ठरवलंय. तिथनं मागच्या बाजूनं खाली उतरायचं, मित्र म्हणाला गाइड लागत नाही, लोकांच्या रेषा धरून यायचं. त्याला काय सामान लागेल? रुंद स्की घ्याव्या का?

होटगीरोडकर · २१ नोव्हेंबर, दुपारी १:०५

रुंद स्कीचं उत्तर: हो. दाबलेल्या उतारावर मधली रुंदी ७५ ते ८५ मिमी पुरते, भुसभुशीत खोल बर्फात ९५ ते ११० लागते, नाहीतर स्की बुडते. पण तो प्रश्न शेवटचा.

पहिला प्रश्न हिमस्खलनाचा. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवाटवर पोलंडचे दोन जण गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक जण गेला. दुसऱ्याच्या रेषा असणं म्हणजे उतार सुरक्षित असणं नव्हे, पुढच्या माणसाच्या वजनानंही तो तुटतो. तिथं जायचं तर प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाला शोधायचं रेडिओ यंत्र), पाठीवर फावडं आणि शोधकाठी. एकाकडं असून चालत नाही. सगळे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, कुठल्याही कंपनीचा कुठल्याहीला सापडतो. पण तो वापरायचा सराव हवा, कारण गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते. तेवढ्यात खालून कुणी पोहोचत नाही. जे बरोबर असतात तेच काढतात.

तुम्ही औलीला किती दिवस केलंय?

शेंगाचटणी · २१ नोव्हेंबर, दुपारी १:२०

सात.

होटगीरोडकर · २१ नोव्हेंबर, दुपारी १:२२

तर यंदा पहिल्या टप्प्यावर, कोंगडूरीला राहा. राग आला तरी चालेल.

धोटा · २१ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१५

बाळा, ऐक त्यांचं. त्या मित्राला पण हा धागा वाचायला दे.

पार्क_चौक · २२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

पाण्याबद्दल जे लिहिलं त्यावर मी ठाम आहे, तो विषय तिकडच्या धाग्यावर चालू ठेवतो. जुळे सोलापूर ताईंशी मात्र कडक बोललो, ते योग्य नव्हतं. माझा भाऊ अस्थिरोग विभागात परिचारक आहे. त्याला भवानी पेठ ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, जायच्या आधी दोन महिने मांड्यांचा व्यायाम करा: पाठ भिंतीला लावून खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं, आणि एका पायावर तोल धरायचा. दमलेली मांडी गुडघा सांभाळत नाही, म्हणून दिवसाची शेवटची फेरी सोडून द्यायची असं त्याचं म्हणणं. ताई, एवढं जरूर करा.

भवानी_पेठ · २२ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

जुळे सोलापूर, तुमचा पाय किती निघाला? माझे बूट २४.५ चे आहेत. त्या दिवसानंतर माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेत, एकूण नऊ दिवस वापरलेले. मी पुन्हा जाणार की नाही ते अजून ठरत नाही. तुम्हाला बसत असतील तर घेऊन जा.

जुळे_सोलापूर · २२ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

डावा २४.१, उजवा २४.३. ताई, मी येते. पैशाचं बोलल्याशिवाय घेणार नाही.

जुळे_सोलापूर · ३० नोव्हेंबर, रात्री ८:५०

आज मुलीला घेऊन भवानी पेठेत जाऊन आले. ताईंनी आधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली, मग बूट काढले. गोणपाट सोडताना त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

कवचात पाय घालून पाहिला. टाचेमागं ताईंनी स्वतःची बोटं घालून बघितली: एक आत गेलं, दुसरं अर्धवट. अस्तर-बूट घालून चारही बकल हलकेच लावली, वाकले, बोटं मागं आली. मुलगी स्टॉपवॉच लावून बसली होती, मी वीस मिनिटं त्यांच्या दिवाणखान्यात बूट घालून उभी होते. कुठंही आग झाली नाही. पैसे त्यांनी निम्मेच घेतले, त्यावर वाद झाला आणि मी हरले.

तळ ग्रिपवॉकचाच आहे. स्क्रू दिसतात, म्हणजे बदलता येईल. सपाट तळाची जोडी मागवतेय. होटगीरोडकर, ती बसवून झाल्यावर फोटो टाकते, तेवढा बघा. आणि विमानात बूट केबिनमध्ये हातात ठेवणार आहे. पुण्याहून बॅग उशिरा पोहोचली तर बाकी सगळं भाड्यानं मिळेल, हे मिळणार नाही.

ताईंनी निघताना वहीचं पान फाडून दिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं: वजन ६४, उंची १५८, वय ४२, तळ २८५ मिमी, प्रकार पहिला. ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून डाव्या बुटात ठेवलंय. नवऱ्याचं आणि मुलीचं पान त्यांच्या खिशात राहील. दुकानात बोलायचं काही नाही, पान पुढं करायचं आणि खिडकीतला आकडा वाचेपर्यंत तिथून हलायचं नाही.

होटगीरोडकर · ३० नोव्हेंबर, रात्री ९:०५

फोटो टाका. स्क्रू घट्ट करताना तळ आणि कवच यांच्यामध्ये फट राहत नाही ना, तेवढं जवळून दाखवा.